सतरा सप्टेंबरचा प्रश्न : इतिहासाचे स्वाध्याय आणि परीक्षा

परीक्षांचे दिवस जवळ आले म्हणजे मंडळीतील तरुण आपल्या पाळकांकडे दोन कारणांनी येतात : एक प्रार्थनेसाठी, आणि दुसरे, इतिहासाच्या पेपरात 'नक्की येणारे' प्रश्न कोणते हे विचारण्यासाठी. पहिल्या कारणाविषयी पाळकांना आम्ही काही सांगावे असे नाही. दुसऱ्याविषयी मात्र थोडे विवेचन करण्याचे योजिले आहे. हैदराबादेत आम्ही बरीच वर्षे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना इतिहास शिकवीत आलो. त्यांचे लेखी स्वाध्याय आणि उत्तरपत्रिका तपासण्यात आमचे कितीतरी उन्हाळे गेले. आमच्या धर्मशिक्षकांपैकीही अनेकजण आपले काम सांभाळून परीक्षांना बसतात, आणि त्यांच्या अभ्यासक्रमात मंडळीच्या इतिहासाचा एखादा पेपर असतोच. तेव्हा इतिहासाचा स्वाध्याय कसा लिहावा, परीक्षेतील उत्तर कसे मांडावे, आणि या दोहोंत विद्यार्थ्याकडून नेमकी कशाची अपेक्षा असते, हे उदाहरणांनिशी स्पष्ट करणे उपयुक्त ठरेल असे आम्हांस वाटते.

आमचे म्हणणे आरंभीच थोडक्यात सांगतो. इतिहासाची परीक्षा म्हणजे पाठांतराची परीक्षा असा समज सर्वत्र रूढ आहे. वस्तुतः ती साक्षी घेण्याची व तोलण्याची परीक्षा आहे. जी माणसे आपल्यासमोर हजर नाहीत, बहुधा हयातही नाहीत, त्यांच्याविषयी आपण काही विधान करतो. ते विधान कशाच्या आधारे केले हे सांगण्याची जबाबदारी विधान करणाऱ्यावर येते. ज्याला ही जबाबदारी उमगली त्याला स्वाध्याय ओझे वाटत नाही, आणि परीक्षेचे भयही पुष्कळ ओसरते.

१. प्रश्नोत्तरावली आणि प्रश्नपत्रिका

धर्मशिक्षकांना प्रश्नोत्तरावली चांगली परिचयाची आहे. तीत प्रश्न ठरलेला असतो व उत्तरही ठरलेले असते. आणि ते तसेच असावे, कारण मंडळीचा सामायिक विश्वास नव्या पिढीच्या ओठी बसविणे हा तिचा हेतू आहे. परंतु तीच सवय घेऊन मुले इतिहासाकडे वळली म्हणजे घोटाळा होतो. इतिहासात पुरावा सर्वांसमोर एकच असतो. उत्तर मात्र ज्याचे त्याने त्या पुराव्यातून काढावयाचे असते. दोन प्रामाणिक विद्यार्थी एकाच पुराव्यावरून काहीशा निराळ्या निष्कर्षांस आले, तर दोघांनाही चांगले गुण देता येतात. उलट दोघांचा निष्कर्ष एकच असून एकाने आधार दिला व दुसऱ्याने दिला नाही, तर त्यांच्या गुणांत अंतर पडलेच पाहिजे.

पाठांतराची सवय आमच्या या भागात इतकी घट्ट का बसली, यालाही एक इतिहास आहे. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाचा पाया घातला गेला व १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, देण्याचा तो मोठा प्रयोग होता. त्यासाठी 'दार-उल-तर्जुमा' हे भाषांतर खाते उघडण्यात आले आणि इतिहासासह अनेक विषयांची पाठ्यपुस्तके उर्दूत सिद्ध झाली. प्रयोग धाडसी होता यात शंका नाही. परंतु राज्यातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी अथवा कन्नड होती. नांदेडहून किंवा परभणीहून आलेला मराठी मुलगा घरी मराठीत विचार करी आणि शहाजीराजांवरील उत्तर उर्दूत लिही. १९४८ नंतर उर्दूच्या जागी इंग्रजी आली. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, १९५८ साली औरंगाबादेस (आजचे छत्रपती संभाजीनगर) मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि मराठवाड्यातील महाविद्यालयांचा उस्मानियाशी असलेला संबंध सुटला. माध्यमे बदलली, पण सवय राहिली. जी भाषा आपल्या अंगवळणी पडलेली नाही तीत स्वतःचे वाक्य रचण्याचे धैर्य होत नाही, व मग पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे मुखोद्गत करणे हाच सुरक्षित मार्ग वाटू लागतो. अशा विद्यार्थ्याला आळशी म्हणणे हा अन्याय होईल.

याच विद्यापीठाने दुसराही एक धडा दिला आहे. तेथील इतिहासाचे ख्यातनाम प्राध्यापक हारून खान शेरवानी आणि मुंबईच्या पुराभिलेखागाराचे संचालक राहिलेले पु. म. जोशी या दोघांनी मिळून मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाचे दोन खंड १९७३-७४ मध्ये संपादित केले. एकाची विद्या हैदराबादेत रुजलेली, दुसऱ्याची मुंबईत. परंतु दोघांनी साधनांची कसोटी एकच मानली, म्हणून ते काम एका नावाखाली उभे राहिले. साधनांविषयीचा हा आग्रह मराठी वाचकाला नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला, तेव्हापासून अस्सल कागद आधी व मत नंतर, ही शिस्त आपल्याकडे मान्य झालेली आहे. ती उत्तरपत्रिकेत उतरविणे एवढेच बाकी आहे.

२. प्रश्नातील क्रियापद

प्रश्नपत्रिका हाती आल्यावर विद्यार्थी प्रथम विषयाचे नाव शोधतो. 'निजाम' हा शब्द दिसला की निजामाविषयी जे जे पाठ आहे ते ते कागदावर ओतू लागतो. त्याने प्रथम क्रियापद पाहावे असा आमचा सल्ला आहे. 'वर्णन करा' असे असेल तेथे घटनाक्रम अपेक्षित असतो. 'कारणमीमांसा करा' असे असेल तेथे घटनाक्रम दोन-चार ओळींत आटोपून कारणांची प्रतवारी लावावी : दीर्घकालीन कारणे कोणती, निमित्त कोणते. 'तुलना करा' म्हटले असता आधी एकाविषयी दोन पाने व मग दुसऱ्याविषयी दोन पाने लिहिणे ही तुलना नव्हे. एकेक मुद्दा घेऊन दोघांना शेजारी शेजारी उभे करावे लागते. 'मूल्यमापन करा' या प्रश्नात कोणत्या मापाने मोजले ते सांगितल्यावाचून निवाडा देता येत नाही. आणि 'चर्चा करा' याचा अर्थ प्रश्नात दिलेले विधान मान्य करून टाका असा नाही. विधानाच्या बाजूने काय म्हणता येईल, विरुद्ध काय म्हणता येईल, व शेवटी आपणांस काय ग्राह्य वाटते, हे तीनही सांगावयाचे असते.

आमच्या अनुभवास येते ते असे की, कमी गुण पडलेल्या उत्तरपत्रिकांत माहितीची वाण क्वचितच असते. विचारले कारण आणि लिहिले वर्णन, हाच दोष पुन्हा पुन्हा आढळतो.

३. पहिला स्वाध्याय : मेदकचा मनोरा

लेखी स्वाध्यायाचे काम परीक्षेहून निराळे आहे. परीक्षेत वेळ थोडा व साधने जवळ नसतात. स्वाध्यायात वेळ असतो व साधने शोधण्याची मोकळीकही असते. म्हणून स्वाध्यायात 'मला काय माहीत आहे' यापेक्षा 'मला हे कशावरून कळले' या प्रश्नाला अधिक महत्त्व आहे.

पहिला स्वाध्याय आम्ही मुद्दाम सोपा देतो. हैदराबादपासून सुमारे शंभर किलोमीटरवर मेदक येथे जे भव्य मंदिर आहे ते वेस्लियन मिशनरी चार्ल्स वॉकर पॉस्नेट यांनी उभारविले. दुष्काळाने गांजलेल्या लोकांना त्या बांधकामावर काम व अन्न मिळाले, आणि २५ डिसेंबर १९२४ रोजी त्याचे समर्पण झाले. या मंदिराविषयी एक आख्यायिका सर्वतोमुखी आहे : मनोरा चारमिनारपेक्षा उंच होत असल्याचे कळताच निजामाने आक्षेप घेतला. विद्यार्थी ही हकीकत स्वाध्यायात निःशंकपणे लिहून आणतात. पाळकांनीही ती प्रवचनात सांगितलेली आम्ही ऐकली आहे.

यावर आम्ही तीन प्रश्न विचारतो. हे कोणी सांगितले? ते प्रथम केव्हा लिहून ठेवले गेले? आणि ते पडताळता येते काय? निदान उंची तरी पडताळता यावी. मंदिराचा मनोरा सुमारे १७५ फूट उंच असल्याचे सांगतात. आता १५९१ साली बांधलेल्या चारमिनारची उंची पाहू लागावे, तर एका पुस्तकात ती सुमारे १६० फूट व दुसऱ्यात सुमारे १८४ फूट दिलेली आढळते. पहिला आकडा घेतला तर मनोरा उंच ठरतो, दुसरा घेतला तर चारमिनार. म्हणजे ज्या मुद्द्यावर सारी आख्यायिका उभी आहे तोच आपण कोणते पुस्तक उघडले यावर अवलंबून राहतो. हे ध्यानी येताच विद्यार्थी चपापतो, आणि त्या क्षणी त्याचे इतिहासाचे शिक्षण सुरू होते.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. आख्यायिका टाकून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. ती राजाविषयी विश्वसनीय साक्ष देत नसली, तरी ज्या लोकांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली त्यांच्याविषयी देते. दुष्काळात टोपली वाहिलेल्या माणसांच्या नातवंडांना आपले मंदिर राजाच्या मिनारांशी तोलावेसे वाटले, हीही एक ऐतिहासिक वस्तुस्थिती आहे. फक्त विद्यार्थ्याने 'असे घडले' आणि 'असे सांगतात' या दोन वाक्यांतील अंतर राखले पाहिजे. लूककृत शुभवर्तमानाच्या प्रारंभीच लेखक आपण प्रत्यक्षदर्शींकडून आलेल्या गोष्टींचा मुळापासून शोध केल्याचे नमूद करतो. आपल्या वाचकाला असा हिशेब देणे ही जुनी व सन्मान्य रीत आहे.

४. प्रश्नातील नाम

मेदकच्या मनोऱ्यावरून कोणाचे मन दुखावत नाही. दुसरा स्वाध्याय मात्र अवघड असतो, आणि या लेखाचे प्रयोजनही तोच आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही एक प्रश्न असा घातला : 'हैदराबादच्या मुक्तीचे महत्त्व विशद करा.' आलेले सर्व स्वाध्याय जवळजवळ एकसारखे होते. प्रथम आम्ही विद्यार्थ्यांना दोष दिला. पुढे कळून आले की दोष प्रश्नाचा होता. 'मुक्ती' आणि 'महत्त्व' हे दोन शब्द लिहून आम्हीच अर्धे उत्तर देऊन टाकले होते. विद्यार्थ्याला विचार करण्यासारखे काही शिल्लक ठेवले नव्हते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले. मुख्य तुकड्या सोलापूरकडून नळदुर्गच्या मार्गाने आल्या. १७ सप्टेंबरला निजामाने लढाई थांबविल्याचे जाहीर केले, व १८ तारखेस संस्थानचे सेनापती एल् एद्रूस यांनी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. इतके सर्वमान्य आहे. परंतु या पाच दिवसांना काय म्हणावे? शासनाने त्यास 'पोलीस कारवाई' म्हटले. भारताचे प्रतिनिधी म्हणून हैदराबादेत राहिलेले कन्हैयालाल मुन्शी यांनी १९५७ साली जे पुस्तक लिहिले त्याच्या नावाचा अर्थ 'एका युगाचा अंत' असा आहे. संस्थानचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या १९६२ च्या पुस्तकाच्या नावात 'शोकांतिका' हा शब्द आहे. मराठवाड्यात आपण 'मुक्तिसंग्राम' म्हणतो. नरहर कुरुंदकरांच्या पुस्तकाचे नाव 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' असे आहे, त्यांनी एका नावात दोन शब्द शेजारी ठेवले. आणि हा वाद जुन्या पुस्तकांपुरताच राहिलेला नाही. २०२२ साली याच शहरात एकाच दिवशी केंद्र शासनाने 'हैदराबाद मुक्ती दिन' व तेलंगण राज्य शासनाने 'राष्ट्रीय एकात्मता दिन' साजरा केला. २०२४ साली राज्याने त्याला 'प्रजा पालन' दिनाचे नाव दिले.

यावरून विद्यार्थ्याने कोणताच शब्द वापरू नये असे निष्पन्न होत नाही. शब्द वापरल्यावाचून लिहिणार कसे? त्याने शब्द निवडावा, आणि तो का निवडला ते एका वाक्यात सांगावे. रझाकारांच्या भयाने घरदार सोडून गेलेल्या माणसाच्या दृष्टीने 'मुक्ती' हा शब्द अक्षरशः खरा आहे. तो त्याच्या तोंडून काढून घेण्याचा अधिकार परीक्षकाला नाही. मात्र तो शब्द सर्वांच्या वतीने वापरला जातो तेव्हा त्या सर्वांत कोण कोण येते हे विचारले गेले पाहिजे.

५. साक्षीदारांची रांग

तेव्हापासून आम्ही प्रश्न बदलला. आता तो असा असतो : '१९४७ ते १९४९ या काळात हैदराबाद संस्थानातील एका जिल्ह्यात काय घडले? निदान तीन परस्परभिन्न साधनांच्या आधारे लिहा, व त्यांत जेथे मतभेद आहे तेथे तो नोंदवा.' प्रश्न 'एका जिल्ह्या'पुरता मर्यादित केला, कारण संस्थानात सोळा जिल्हे होते. त्यांपैकी आठ तेलुगू भाषेचे, पाच मराठीचे व तीन कन्नडचे. तेलंगणातील शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा, मराठवाड्याच्या सीमेवरील छावण्या आणि बिदरकडील प्रसंग हे सर्व एका निबंधात कोंबले म्हणजे काहीच नीट सांगितले जात नाही.

साधनांची रांग लावताना प्रत्येक साक्षीदार कोठे उभा होता ते विद्यार्थ्याने लिहावे. स्वामी रामानंद तीर्थ हे स्टेट काँग्रेसचे नेते. त्यांच्या आठवणी चळवळीच्या आतून लिहिलेल्या आहेत. मुन्शी व लायक अली हे समोरासमोरच्या पक्षांचे. दोघेही आपली बाजू मांडतात, म्हणूनच दोघे ज्या बाबतीत सहमत होतात ती बाब भक्कम मानावी. पी. सुंदरय्या यांचे १९७२ चे पुस्तक कम्युनिस्ट नेत्याने लिहिलेले आहे. अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ त्या लढ्यातील कार्यकर्त्याचा व संपादकाचा आहे. विल्फ्रेड कॅन्टवेल स्मिथ हे इस्लामचे ख्रिस्ती अभ्यासक. त्यांनी १९५० साली हैदराबादेतील मुसलमानांच्या दुःखावर लेख लिहिला. पक्षपात आहे म्हणून साक्षीदार बाद होत नाही. पक्षपात कोणता हे ठाऊक असले म्हणजे त्याची साक्ष वापरता येते.

एका साधनाविषयी विस्ताराने सांगणे अवश्य आहे. लढाई थांबल्यानंतर संस्थानच्या काही भागांत मुसलमान वस्त्यांवर भयंकर अत्याचार झाल्याच्या वार्ता दिल्लीस पोचल्या. १९४८ च्या अखेरीस पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार प्रभृतींची एक समिती पाहणीसाठी आली. तिने मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला, आणि सर्वाधिक झळ उस्मानाबाद (आजचा धाराशिव), नांदेड, गुलबर्गा व बिदर या जिल्ह्यांस पोचल्याचे नमूद केले. सरदार पटेलांनी या समितीच्या निष्कर्षांवर तीव्र आक्षेप घेतला. अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला. त्यातील भाग पुढे अभ्यासकांनी उजेडात आणले, व २०१३ मध्ये तो सर्वांस पाहावयास मिळू लागला. विद्यार्थ्याने हा आकडा लिहिताना तो 'अंदाज' आहे, कोणी केला, किती दिवसांत केला व त्यावर कोणी आक्षेप घेतला, हे सर्व लिहिले पाहिजे. त्याचबरोबर सप्टेंबरपूर्वी रझाकारांनी खेड्यापाड्यांत केलेला विध्वंसही तितक्याच स्पष्टपणे लिहिला पाहिजे. भारतात सामील व्हावे असे लिहिणारे उर्दू पत्रकार शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये याच शहरात खून झाला, हेही विसरता कामा नये. एका बाजूचे दुःख सांगितल्याने दुसऱ्या बाजूचे खोटे पडत नाही.

या प्रश्नावर लिहिलेले दोन स्वाध्याय आमच्या स्मरणात राहिले आहेत. एक मराठवाड्याच्या सीमेवरील गावातून आलेल्या मुलाचा होता. त्याच्या आजोबांचे घर रझाकारांनी जाळले होते व कुटुंबाने सोलापूर जिल्ह्यात आश्रय घेतला होता. दुसरा त्याच वर्गातील एका मुसलमान मुलीचा. तिची आजी लहान असताना आपल्या आईबरोबर त्याच जिल्ह्यातून हैदराबादेस आली. वडील मागे राहिले ते पुन्हा दिसले नाहीत. दोघांनीही घरच्या हकीकती 'आजोबांनी सांगितले', 'आजीने सांगितले' अशा नोंदीसह, सांगितल्याची तारीख घालून लिहिल्या होत्या. नियमाप्रमाणे दोघांनी एकमेकांचे स्वाध्याय वाचले. त्या तासाला वर्गात फारसे बोलणे झाले नाही. पुढच्या आठवड्यात मुलाने आपला शेवटचा परिच्छेद बदलून आणला. त्यात एक वाक्य वाढले होते : आपल्या आजोबांची हकीकत १७ सप्टेंबरला संपते, आणि तिच्या आजीची त्याच दिवशी सुरू होते, म्हणून आपण दोघे त्या तारखेला निराळे नाव देतो.

आम्ही जो काळ '१९४७ ते १९४९' असा का धरला, हे त्या मुलाने आमच्याहून चांगले सांगितले होते. प्रश्नाची सीमा १७ सप्टेंबरला आखली असती तर दोहोंपैकी एक आजी किंवा आजोबा उत्तराच्या बाहेरच राहिले असते.

येथे आणखी एक इशारा द्यावासा वाटतो. पूर्वी मुले गाईडातून उतरवून काढीत. आता भ्रमणध्वनीवर प्रश्न टाकला की यंत्र क्षणात गुळगुळीत निबंध हाती ठेवते. अशा निबंधात कधी कधी अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचीही नावे असतात. यावर आमचा उपाय साधा आहे. स्वाध्यायातील कोणतेही एक वाक्य बोट ठेवून विचारावे : 'हे तुला कोठे मिळाले? ते पान दाखव.' ज्याने स्वतः वाचले आहे तो आनंदाने दाखवितो.

६. तीन तासांचा हिशेब

स्वाध्यायात ही सवय लागली की परीक्षेची तयारी निम्मी झाली. उरलेली निम्मी वेळेची आहे. तीन तासांत पाच प्रश्न सोडवावयाचे असतील तर १८० मिनिटांपैकी पहिली दहा प्रश्नपत्रिका वाचण्यास व शेवटची दहा फेरतपासणीस राखावीत. उरलेल्या १६० मिनिटांतून प्रत्येक प्रश्नास ३२ मिनिटे येतात. त्यांपैकी पाच मिनिटे कच्च्या आराखड्यास द्यावीत : तीन-चार मुद्दे, प्रत्येकासमोर एक आधार, आणि शेवटी निष्कर्षाचे एक वाक्य. ज्या प्रश्नाचे उत्तर उत्तम येते त्यावर एक तास घालवून पाचवा प्रश्न कोरा सोडणे हे सर्वांत महागात पडते. कारण आलेल्या उत्तराला वाढवून दोन-तीन गुण अधिक मिळतात, तर कोऱ्या प्रश्नाचे सारेच जातात.

परीक्षेत ग्रंथाचे पान सांगता येत नाही, व परीक्षक ते मागतही नाही. परंतु 'मुन्शींच्या मते', 'सुंदरलाल समितीच्या अंदाजाप्रमाणे' एवढे लिहिले तरी विधान कोणाचे हे कळते. तारीख नक्की आठवत नसेल तर बनवू नये. '१९४८ च्या उत्तरार्धात' असे लिहिणे हे चुकीची तारीख ठामपणे लिहिण्याहून केव्हाही बरे. आणि ज्याची भाषा कच्ची आहे त्याने लहान वाक्ये लिहावीत. पाठ केलेल्या परक्या परिच्छेदापेक्षा स्वतःचे चार साधे शब्द परीक्षकाला अधिक काही सांगून जातात.

७. गुणांची मर्यादा

शेवटी गुणांविषयी. नरहर कुरुंदकरांचा उल्लेख वर आला आहे. १९३२ साली जन्मलेले कुरुंदकर शिकण्यासाठी हैदराबादेस आले आणि येथे इंटरच्या परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. तेच पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. १९८२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत महाराष्ट्रातील विचारवंतांत त्यांचे स्थान अग्रगण्य होते, आणि 'श्रीमान योगी' या कादंबरीला लिहिलेली त्यांची प्रस्तावना इतिहासाच्या साधनांचा विचार कसा करावा याचा नमुना मानली जाते. परीक्षा निरुपयोगी आहेत असे यावरून सिद्ध होत नाही. परीक्षा त्या दिवशी, त्या तीन तासांत, त्या कागदावर जे उतरले तेवढेच मोजते, एवढे मात्र सिद्ध होते. अनुत्तीर्ण झालेला मुलगा पाळकांकडे येईल तेव्हा ही गोष्ट त्याला जरूर सांगावी. आणि पुढच्या वेळेस क्रियापद नीट वाच, हेही सांगावे.

पाळकांनी व धर्मशिक्षकांनी याकामी आणखी एक साह्य करावे अशी आमची विनंती आहे. मराठवाड्यातील व हैदराबादेतील मंडळ्यांच्या आसपास १९४८ साल पाहिलेली माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यांच्याकडून ऐकलेली मुले मात्र अद्याप आहेत. गावातील तरुणांना त्यांच्याकडे पाठवावे. एका वहीत सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव व सांगितल्याची तारीख घालून, सांगितले तसे शब्द लिहून घ्यावेत. प्रार्थनामंदिरातील बाप्तिस्म्याच्या व दफनाच्या जुन्या नोंदवह्या कोरड्या जागी ठेवाव्यात, कारण माणसे विसरतात तेथे नोंदवही साक्ष देते. आणि वहीत एका घराची हकीकत उतरली की त्याच गल्लीतील दुसऱ्या घराचेही दार ठोठवावे. मग परीक्षेत कोणताही प्रश्न आला तरी त्या तरुणाजवळ लिहिण्यासारखे काही असेल; आणि ज्यांच्याविषयी तो लिहील त्यांच्यापैकी कोणाविरुद्धही त्याच्या हातून खोटी साक्ष घडणार नाही.